शिमग्याची सुट्टी आणि हजेरीपत्रक

गुहागर तालुक्यातील खाडीकाठच्या एका गावातून, तेथील जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर असलेल्या एका भगिनींनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या शाळेत पहिली ते सातवीची ४१ मुले आहेत. त्यांपैकी नऊ मोहल्ल्यातील आणि सहा बौद्धवाडीतील. गणपतीला पाच दिवस आणि शिमग्याला, म्हणजे कोकणातल्या होळीत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते तेव्हा, दोन दिवस शाळा बंद असते. मुंबईहून गावी परतलेल्या काही तरुण पालकांनी असा आग्रह धरला आहे की सरकारी शाळेने कोणत्याही धर्माच्या सणासाठी बंद राहू नये, निदान शिमग्याचे दोन दिवस तरी रद्द करावेत. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, पालखी दारात आणि पोर शाळेत हे कसे चालेल? मोहल्ल्यातील एका पालकांनी, मग आमच्या उरुसाचे काय, एवढेच विचारले. समितीने काय ठरवावे, असा हा प्रश्न आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक, मुख्याध्यापक आणि शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून माझी ३३ वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. काही सणांना शाळा बंद ठेवावीच लागते, आणि ती ठेवावी. परंतु तो दिवस पवित्र आहे हे त्याचे कारण असू नये. त्या दिवशी शाळा खरोखर भरू शकत नाही, हेच कारण असावे. पहिल्या कारणाने निर्णय घेतला की कोणाचा देव मोठा यावर बैठक घसरते. दुसऱ्या कारणाने घेतला की हजेरीपत्रक उघडावे लागते, आणि हजेरीपत्रकात कोणाचाही देव नसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मुख्याध्यापक झालो त्या पहिल्याच वर्षी शिमग्यात शाळा सुरू ठेवण्याचा हट्ट मी केला होता. ग्रामदेवतेची पालखी आदल्या रात्री सहाणेवरून, म्हणजे ती बसते त्या चौथऱ्यावरून, उठून आमच्या वाडीत आली होती, घराघरांत ओटी भरणे चालू होते, आणि मी सकाळी साडेसातला घंटा दिली. पटावर ३४ मुले होती, आली सात. त्या सातांपैकी दोघे रात्रभर पालखीमागे फिरून आलेले असल्यामुळे भिंतीला टेकून झोपले. उरलेल्या पाच मुलांना काही नवे शिकवावे, तर तेच उद्या उरलेल्या सत्तावीस जणांना पुन्हा शिकवणे आले. म्हणून मी गोष्टी सांगत बसलो. दुपारी घरी जाताना ढोल वाजवणारा सहावीतला एक मुलगा वाटेत भेटला आणि मला पाहून माडाच्या आड लपला. शिक्षकाला पाहून मुलाने सणाच्या दिवशी लपावे, हे काही मला माझ्या हट्टाचे यश वाटले नाही.

तरीही त्या दिवसाची नोंद मी सात अशीच केली. पुढे केंद्रप्रमुख म्हणून शाळा तपासू लागलो तेव्हा अशा दिवसांची वेगळीच हजेरीपत्रके पाहिली. पालखीच्या दिवशी पूर्ण पट हजर, पोषण आहाराच्या नोंदवहीत तितकीच ताटे, आणि मुलांच्या वह्यांत मात्र त्या तारखेचे एक अक्षर नाही. ज्या दिवशी शाळा भरत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे, तो दिवस वरून आदेश काढून कामाचा ठरवला की कागद खोटे बोलू लागतात. त्यापेक्षा उघडपणे सुट्टी देऊन तो दिवस दुसरीकडे भरून काढणे अधिक सरळ आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शिमगा फाक पंचमीपासून धुळवडीच्या पुढेही कितीतरी दिवस चालतो, परंतु पालखी एका वाडीत त्यातला एखादाच दिवस असते. ‘शिमग्यात पोरे शाळेत येत नाहीत’ असे सांगणाऱ्यांना मी नेहमी विचारत असे की नेमके कोणत्या तारखेला येत नाहीत. बहुतेकांना सांगता येत नसे. दहावीच्या परीक्षेचे पेपर फाल्गुनातच येतात, तेव्हा हीच घरे मुलांना वेळेवर केंद्रावर पोहोचवतात, आणि पालखीचे मानकरीसुद्धा परीक्षेला बसलेल्या मुलाच्या घरी वेळ पाहून जातात. म्हणजे गावाला जमवून घेता येते. प्रश्न सणाचा नसून त्या सणातल्या कोणत्या दिवसाचा आहे, हे आधी ठरवले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू, कारण तरुण पालकांचा मुख्य आक्षेप तिथला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे, पूर्णपणे शासकीय निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. शाळा एखाद्या दिवशी बंद ठेवणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, त्यामुळे त्या अनुच्छेदाने सुट्टीला बाधा येत नाही. मात्र त्याच तत्त्वाने, सुट्टीच्या आदल्या दिवशी ‘उद्या सर्वांनी आरतीला यायचे’ असे परिपाठात सांगणे चुकीचे ठरते, आणि पालखी शाळेच्या पटांगणात नाचवून ‘शाळेचा मान’ घेण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे, तीही मला योग्य वाटत नाही. सुट्टीत मूल देवळात जाईल, मशिदीत जाईल किंवा खेकडे धरायला खाडीवर जाईल. ते त्याच्या घरचे पाहतील.

सुट्ट्यांच्या संख्येला मात्र स्पष्ट मर्यादा आहे. आपल्या राज्यात रविवार सोडून वर्षभराच्या सर्व प्रकारच्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त होता कामा नयेत, आणि कामाचे दिवस किमान २३० व्हावेत, असे बंधन आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस आणि ८०० तास, तर सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास हे किमान प्रमाण आहे. हिशेब करून पाहावा: ३६५ मधून ५२ रविवार गेले, ३१३ उरले, त्यातून ७६ गेले, २३७ उरले. २३० च्या वर हातात राहतात ते सात दिवस. आणि कोकणात हे सात दिवस सणांसाठी नसतातच, ते पावसाचे असतात. जुलैमध्ये अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी शाळा बंद ठेवतात, वहाळाला पाणी आले की पलीकडच्या वाडीची मुले अडकतात, आणि एखाद्या जोराच्या पावसाळ्यात यातले चार-पाच दिवस सहज जातात. म्हणून ‘आणखी एक सुट्टी दिली तर काय बिघडले’ हे वाक्य घाटावर कदाचित चालेल. आपल्याकडे ते ऑगस्टपर्यंतसुद्धा टिकत नाही.

मग गणपतीचे पाच दिवस येतात कुठून? अनेक पालकांना हे ठाऊक नसते, म्हणून विस्ताराने सांगतो. शासनाच्या परिपत्रकातच अशी तरतूद असते की उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून, त्याऐवजी गणेशोत्सव किंवा नाताळ यांसारख्या सणांच्या वेळी शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीने ती समायोजित करता येते. म्हणजे आपल्या शाळेला गणपतीची सुट्टी फुकट मिळालेली नाही. ती दिवाळीतून कापून घेतलेली आहे. कोकणाच्या बाबतीत हा सौदा मला पूर्णपणे रास्त वाटतो. आपल्याकडची दिवाळी तशी आटोपशीर असते. पहिल्या दिवशी कारीट फोडले, पोहे खाल्ले, की लोक कापलेल्या भाताकडे वळतात. गणपतीला मात्र मुंबईतला सगळा गोतावळा गावी उतरतो, बंद घरे उघडतात, माटवी सजते, गौरीचे ओवसे होतात, आणि वर्षभर आजीजवळ राहणाऱ्या मुलाला त्याचे आईवडील त्या पाच-सात दिवसांतच भेटतात. या शेवटच्या गोष्टीला मी फार वजन देतो. चाकरमान्यांची मुले शिकवताना मी पाहिले आहे की बाप गावात असताना वर्गात बसवलेले मूल फळ्याकडे पाहत नाही, रस्त्याकडे पाहते.

यात एक अडचण दरवर्षी येते. चतुर्थी कधी ऑगस्टअखेर असते, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. त्यामुळे पहिल्या सत्राची चाचणी कधी सुट्टीच्या आधी घाईत उरकली जाते, कधी नंतर लगेच घेतली जाते, आणि दोन्ही प्रकारांत मुलांचे नुकसान होते. सुट्टीनंतरचे पहिले चार दिवस चाचणी ठेवू नये, हा नियम मी माझ्या केंद्रात पाळायला लावला होता. घाटावरून बदलून आलेल्या आमच्या काही सहकाऱ्यांना दिवाळीचे दिवस कापले जाणे जड जाई, कारण त्यांचे गाव दूर असे. त्यांची बाजूही खोटी नव्हती. पण वेळापत्रक मुलांच्या गावाचे पाहून करावे लागते, शिक्षकाच्या गावाचे पाहून नव्हे.

सुट्टीच्या बाजूने बोलणारे एक गोष्ट हमखास विसरतात, म्हणून ती जरा ताणून मांडतो. शाळा बंद असते तेव्हा सगळीच मुले सणात नसतात. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेल्या कामगारांची मुले, आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची मुले, कोळसाभट्टीवरच्या कातकऱ्यांची मुले आपल्या शाळांच्या पटावर आता आहेत. आपला गणपती त्यांच्या घरी नसतो. पाच दिवस शाळा बंद म्हणजे त्यांच्यासाठी पाच दिवस खाणीवरची धूळ, आणि दुपारचे गरम जेवणही नाही. एका सुट्टीनंतर खाणीवरच्या तिसरीतल्या मुलीला मी सहज विचारले, सुट्टीत काय केलेस? ती म्हणाली, “चिरे मोजले.” त्यानंतर दीर्घ सुट्टीत निदान अशा मुलांसाठी दोन-तीन तास वाचनखोली उघडी ठेवण्याची सोय गावातल्या एका शिकलेल्या सुनेच्या मदतीने आम्ही केली. जेवणाची सोय मात्र करता आली नाही. आपल्या समितीने सुट्टी ठरवताना अशी किती मुले पटावर आहेत, हे एकदा मोजावे.

आता मोहल्ल्यातील पालकांच्या प्रश्नाकडे येतो. इथे हजेरीपत्रकाचा नियम एकटा पुरेसा नाही, हे मान्य केले पाहिजे. ४१ पैकी नऊ मुले न आल्याने शाळा थांबत नाही. म्हणून केवळ उपस्थितीवर निर्णय सोपवला तर ज्यांची संख्या मोठी त्यांचाच सण सुट्टीचा, असा तो नियम होऊन बसतो. यातून निघण्याचे दोन मार्ग लोकांना सुचतात. एक म्हणजे प्रत्येकाच्या प्रत्येक सणाला शाळा बंद, जे ७६ च्या हिशेबात बसत नाही. दुसरा म्हणजे कोणालाच नाही, ज्याचे काय होते ते मी वर सांगितले. मला तिसरा मार्ग पटतो: शाळा चालू ठेवावी, पण त्या मुलाच्या दिवसाला धक्का लावू नये. त्याला रजा मागावी लागू नये, ती वर्षाच्या सुरुवातीलाच नोंदलेली असावी. त्या दिवशी चाचणी, स्पर्धा, निवड, गणवेशवाटप असले काही ठेवू नये. नवा घटक सुरू करू नये. आणि शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीस त्या रजेमुळे हुकू नये.

हे मी शहाणपणाने बोलतो आहे, पण वागलो उलट होतो. बकरी ईदची सुट्टी शासनाच्या यादीत एकाच दिवसाची असते, घरात मात्र सण पुढचे दोन दिवस चालतो. त्या दुसऱ्या दिवशी मी गणिताची घटक चाचणी लावली होती, आणि चौथीतल्या एका मुलीला गैरहजर म्हणून शून्य गुण दिले होते. तिचे वडील बोटीवर तांडेल होते; भांडायला आले नाहीत. पुढच्या वर्षी मुलीला त्यांनी उर्दू शाळेत घातले. जिल्ह्यातल्या उर्दू माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळांची सुट्ट्यांची यादी वेगळी असते आणि रमजानात त्यांची वेळही बदलते, त्यामुळे त्यांचा निर्णय त्यांच्या दृष्टीने बरोबरच होता. पण आमच्या शाळेतून गणितात पहिली येणारी मुलगी गेली ती माझ्या वेळापत्रकामुळे.

हीच गोष्ट बौद्धवाडीची. १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा सार्वजनिक सुट्टीत आहेत, परंतु ६ डिसेंबरला अनेक कुटुंबे आदल्या दिवशीच दादरला चैत्यभूमीकडे निघतात, आणि २० मार्चला, म्हणजे १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या दिवशी, उत्तर रत्नागिरीतून पुष्कळ लोक महाडला जातात. यासाठी शाळा बंद ठेवण्याची मागणी सहसा कोणी करत नाही, आणि मागणी नाही म्हणून शाळेलाही त्या तारखा आठवत नाहीत. सहा मुलांच्या नावापुढे दोन दिवस ‘गै’ लागत राहतो.

नाताळ आणि गुड फ्रायडे यादीतच असल्यामुळे त्यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

ज्यांना वाटते की हा घोळ आपल्याच देशात आहे, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी २०१५–१६ या वर्षापासून दोन्ही ईद सुट्टीच्या यादीत घेतल्या, आणि तिथल्या दिवाळीच्या सुट्टीचा कायदा २०२३ मध्ये झाला. तिथेही युक्तिवादाचा मोठा भाग हाच होता की त्या दिवशी मुले येत नाहीत, आणि आली नाहीत तर मागे पडतात. उलट टोकाला, उत्तर प्रदेश सरकारने २०१७ मध्ये थोर पुरुषांच्या जयंती-पुण्यतिथीच्या १५ सुट्ट्या एकदम रद्द केल्या. जयंतीच्या बाबतीत तो विचार मला पटतो. ज्या व्यक्तीबद्दल मुलांना सांगायचे, तिच्या नावाने शाळेलाच कुलूप लावण्यात अर्थ नाही. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आपण शाळा भरवूनच साजरी करतो, आणि ती मुलांच्या चांगली लक्षात राहते. सण आणि जयंती यांना एकाच मापाने मोजू नये.

आणखी एक व्यावहारिक बाब. सगळे सण जूनमध्ये कळत नाहीत. ईद चंद्रदर्शनावर असते. २०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आल्याने शासनाने २९ ची सुट्टी ऐन वेळी जाहीर केली. दक्षिणेकडे गेले तर आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीने ठरतच नाही, कौल घेऊन तारीख निघते. आणि आचऱ्याची गावपळण असते तेव्हा तीन दिवस तीन रात्री माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा वेशीबाहेर जातात, तिथे शाळा उघडी ठेवून मास्तरांनी कोणाला शिकवायचे? अशा गावांनी दोन दिवस तारीख न घालता राखून ठेवावेत. बहुतेक जिल्ह्यांच्या यादीत एक-दोन सुट्ट्या मुख्याध्यापकांच्या अधिकारात असतातच. त्या जून-जुलैतच किरकोळ कारणाने उडवून टाकू नयेत.

कित्येकदा पूर्ण सुट्टीची गरजच नसते. पालखी रात्री येणार असेल तर दुसऱ्या दिवशी साडेसातऐवजी अकराला शाळा भरवावी. नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात दर्यावर नारळ सोडायची मिरवणूक संध्याकाळी असते. जिथे त्या दिवशी स्थानिक सुट्टी नसेल तिथे शाळा दुपारी सोडली की काम होते. कायद्यात दिवसांबरोबर तासही मोजले आहेत, ही सवलत आपण पुरेशी वापरत नाही.

आता आपल्या समितीपुढच्या ठरावाबद्दल. शिमग्याचे दोन्ही दिवस रद्द करू नयेत आणि दोन्ही तसेच ठेवूही नयेत. मागील तीन वर्षांत पालखी आपल्या शाळेच्या वाड्यांत नेमकी कोणत्या दिवशी आली आणि आगेमागे किती मुले हजर होती, हे पाहून एकच दिवस पूर्ण सुट्टीचा ठेवावा व दुसऱ्या दिवशी शाळा उशिरा भरवावी. वाचलेला दिवस पावसासाठी राहू द्यावा. तो उरुसाला देऊन टाकावा, असे काहीजण सुचवतील. तसे कृपया करू नये, कारण त्याचा अर्थ गावात ‘त्यांचा काढला, यांना दिला’ असाच लागेल आणि पुढच्या वर्षी दोन्हीकडचे लोक सुट्ट्या मोजत बसतील. उरुसाचा विचार त्याच्या स्वतःच्या आकड्यांवर करावा. उरुसाला मोहल्ल्यातील नऊच मुले जातात असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. माझ्या अनुभवात उरुसाच्या जत्रेतल्या पाळण्यापुढे निम्मी शाळा असते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली बरीच अंथरुणात. तसे आपल्याकडेही असेल तर दुसऱ्या दिवशी शाळा उशिरा भरवणे सर्वांच्याच सोयीचे आहे. तसे नसेल तर त्या नऊ मुलांची रजा आधीच नोंदवून ठेवावी.

ठराव १५ जूनला शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्याच बैठकीत व्हावा. समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, तसेच वंचित व दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कायदा सांगतो. म्हणून मोहल्ल्यातील, बौद्धवाडीतील आणि खाणीवरील पालक त्या बैठकीला प्रत्यक्ष हजर असतील अशीच वेळ ठेवावी, बोट समुद्रात असतानाची नव्हे. तारखा ठरल्या की गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत परवानगी घ्यावी. बैठकीपूर्वी मागील तीन वर्षांची हजेरीपत्रके मुख्याध्यापकांकडून मागून घ्यावीत, आणि त्यांच्यासोबत पोषण आहाराची नोंदवही व दोन-चार मुलांच्या जुन्या वह्याही मागाव्यात. शिमग्याच्या तारखा तिन्हींत ताडून पाहाव्यात.